डोळे उघडून मिळतील

१ डिसेंबर १९९१, पिंप्राळा, जळगाव

आजपासून रोजनिशी. थोर चित्रकार ठेवतात असं ऐकून आहे. ही कुणीही वाचायची नाही. मात्र पुढेमागे कुणी माझं चरित्र लिहायला घेतलं तर त्याची पंचाईत नको, म्हणून थोडा खुलासा.

मी लोटन. दुकान 'लोटन आर्ट्स'. बोर्डावर साइनबोर्ड, नंबरप्लेट, ऑइल पेंट फोटो असं सगळं आहे आणि सगळ्यात खाली 'डोळे उघडून मिळतील'. परवा एक आजोबा मोतीबिंदू घेऊन आले. त्यांना चहा पाजून परत पाठवलं. खरी गोष्ट अशी, की आमच्या खेड्यापाड्यांत पुष्कळ माणसांचा जन्मभर फोटो निघत नाही. निघतो तो गेल्यावर, खुर्चीत बसवून, गळ्यात हार घालून. डोळे अर्थातच मिटलेले. तो फोटो घरचे माझ्याकडे आणतात. मी त्यावर पेन्सिलीने चौकटी पाडतो, तशाच मोठ्या चौकटी हार्डबोर्डावर पाडतो, एकेक चौकट उतरवत माणूस मोठा करतो. शेवटी डोळे उघडतो. मग माणूस भिंतीवरून घरच्यांकडे बघायला लागतो. जळगाव-धुळे पट्ट्यात हे काम माझ्यासारखं कुणाला जमत नाही. बाकीचे पेंटर सगळ्या मयतांना एकच डोळे चिकटवतात. माझं तत्त्व पक्कं आहे : दोन माणसांचे डोळे कधी सारखे नसतात.

डोळे सुचतात कसे? घरच्यांना विचारावं तर ते म्हणतात, मोठे होते, मायाळू होते. यावरून काय डोंबल कळणार. मग मी स्वतःचे डोळे क्षणभर मिटतो आणि समोर येतील ते काढतो. याला प्रेरणा म्हणतात. गेल्या दीड वर्षात तर डोळे मिटायचीही गरज पडत नाही, हात आपोआप चालतो. थोडक्यात, माझी कला आता पिकली आहे.

२ डिसेंबर

द्रौपदाने (पत्नी) आज पुन्हा विषय काढला. प्रसेनच्या चित्राचा.

प्रसेनजित आमचा एकुलता एक. गेल्या वर्षी जूनमध्ये कावीळ झाली आणि गेला. एकोणीस वर्षांचा होता. वर्षाच्या पुण्यानुमोदनाला कॉलेजच्या ओळखपत्रावरचा एवढासा फोटो ठेवावा लागला, तो हाराखाली दिसेना. भन्तेजींनी दोनदा हार सरकवला. त्यानंतर द्रौपदाने समोरच्या भिंतीत स्वतःच एक खिळा ठोकला. तो अजून तसाच आहे. ती म्हणते, लोकांची माणसं बघायला लागली, आपलंच तेवढं राहिलं.

तिला कलेतलं कळत नाही. असली कामं घाईची नसतात. पावसाळ्यात हवा दमट, ऑइल वाळत नाही. नंतर केळीचा सीझन, टेम्पोवाल्यांच्या नंबरप्लेटची गर्दी. उन्हाळ्यात पत्र्याखाली रंग पातळ होतात, आता थंडीत घट्ट होतात. माणसाने करायचं कधी?

निश्चय : प्रसेनचं पोर्ट्रेट ३१ डिसेंबरच्या आत पूर्ण. यात बदल नाही.

४ डिसेंबर

अडचण कुठे आहे ते सापडलं. उजेड! जळगावच्या उजेडात दम नाही.

बँकेतले वाल्मीकभाऊ जैसलमेरला जाऊन आले. म्हणाले, वाळवंटात सोन्यासारखं ऊन, गल्लोगल्ली आर्ट गॅलऱ्या, गोरे लोक चित्रं बघत हिंडतात. माझं लगेच ठरलं. जैसलमेर गाठायचं. गॅलऱ्या बघायच्या. माझा अल्बम दाखवायचा (गेल्या दीड वर्षातल्या निवडक पोर्ट्रेटचे फोटो). जमल्यास प्रदर्शन ठरवून टाकायचं. आणि त्याच उजेडात प्रसेनचं काम करून आणायचं.

द्रौपदाला म्हटलं, तूही चल. ती म्हणाली, त्यापेक्षा मला धुळ्याला भावाकडे सोडा. प्रसेनचं चित्र तिथे करणार म्हटल्यावर मात्र मुकाट्याने बॅग भरायला बसली. तिचा भाऊ छगन एसटीत कंडक्टर आहे. त्याने विचारलं, वाळूच बघायची तर गिरणा नदीत कमी आहे का? कंडक्टरशी उजेडावर काय बोलणार.

९ डिसेंबर, प्रवासात

सुरत, अहमदाबाद, जोधपूर. आता छोटी रेल्वे. खिडकी बंद असूनही दातांखाली वाळू. मी द्रौपदाला समजावलं की कलाकाराने एवढं सोसलंच पाहिजे. तिने पदराने माझा टर्पेंटाइनचा डबा झाकून ठेवला.

प्रसेनचा फोटो माझ्या शर्टाच्या खिशात, पाकिटात. तिने एकदा बघायला मागितला. दिला नाही. हाताळून खराब होतात. मी स्वतःही काढून बघितलेला नाही. आधीच बघून ठेवला तर ताजेपणा जातो.

११ डिसेंबर, जैसलमेर

उजेड खरोखर सोन्यासारखा. जरा जास्तच. डोळे दिपतात. अशा उजेडाची आधी सवय करून घ्यावी लागते. आज काम नाही.

१२ डिसेंबर

पहिली गॅलरी, किल्ल्याच्या आत. चढ फार. द्रौपदाचे गुडघे दुखतात, पण ती आली.

वीतभर कागदावर अख्खा दरबार, हत्ती, घोडे, माणसं. ब्रश म्हणे दोन-तीन केसांचा. वेळ जाता जात नाही अशा लोकांची कला. मालकाच्या मिशा ऐटबाज, कानात बाळी. मी अल्बम पुढे केला. त्याने सावकाश, एकेक पान उलटत बघितला. मला वाटलं, आता बोलणार. त्याने हिंदीत विचारलं, हे सगळे एकाच घरातले का?

मी समजावून सांगितलं. हे यावलचे केळीवाले, हे पारोळ्याचे गुरुजी, ह्या ऐंशी वर्षांच्या म्हातारबाई, हा एरंडोलचा पहिलवान. गावं वेगळी, जाती वेगळ्या, कुणाचा कुणाशी संबंध नाही. तो म्हणाला, अच्छा. आणि चहा मागवला.

मत : लहान चित्रं काढून काढून माणसाची नजर लहान होते.

१३ डिसेंबर

आज एका शेठची जुनी हवेली बघितली. भिंतीवर त्या घराण्यातल्या सात पिढ्या. पागोटी वेगळी, दागिने वेगळे, पोटं वेगळी. डोळे सगळ्यांचे तेच. मला संताप आला. चित्रकाराने एकाच्या डोळ्यांवर सात पिढ्या उरकल्या! अशा माणसाने हातात ब्रश धरू नये. मी तिथल्या वहीत हा अभिप्राय सही करून लिहिला.

द्रौपदाला जवळ बोलावून दाखवलं, की बघ, आळशी माणूस असा पकडायचा असतो. ती माझ्याकडेच बघत राहिली. थकली असावी.

१४ डिसेंबर

दुसरी गॅलरी. चालवणारी बाई परदेशी. चित्रांत फक्त पिवळा रंग. एक चित्र पूर्ण पिवळं, खाली कोपऱ्यात काळा ठिपका. ठिपका म्हणजे उंट असं तिने सांगितलं. मी मान डोलवली. आमच्याकडे एवढा रंग शटर रंगवायला पुरतो.

अल्बम बघून तिने इंग्रजीत विचारलं, फॅमिली? मी म्हटलं, नो मॅडम. कस्टमर. ऑल डेड. तिने अल्बम हळूच मिटला आणि मला पाणी दिलं. प्रदर्शनाचा विषय त्या वातावरणात काढता आला नाही.

फॅमिली, फॅमिली. या गावात सगळ्यांना हा एकच प्रश्न कसा पडतो?

१५ डिसेंबर

आज काम. लॉजच्या गच्चीवर. हार्डबोर्ड मांडला, पट्टी लावली, चौकटी पाडल्या. चौकटी फार सुंदर आल्या. वाऱ्याने बोर्ड हलू नये म्हणून द्रौपदा तो दोन्ही हातांनी धरून उन्हात बसली होती.

आता फोटोवर चौकटी पाडायच्या. खिशाला हात लावला आणि नेमका वारा वाढला. वाळू उडायला लागली. अशा वाऱ्यात फोटो काढला आणि उडाला तर? दुसरा कुठून आणणार? मी तिला हे सगळं नीट समजावून सांगितलं. चौकटी पाडलेला कोरा बोर्ड तिने तसाच धरून ठेवला, मी ऊठ म्हणेपर्यंत.

रात्री मला फार वाईट वाटलं. वाऱ्यामुळे.

१६ डिसेंबर

तिसरी गॅलरी. इथे कापडावर उंटांच्या रांगा. मालक म्हातारा, शांत. बसायला गादी दिली. चष्मा काढून, अल्बम नाकाजवळ धरून बघायला लागला. मी मनाशी म्हटलं, याने जर तोच प्रश्न विचारला तर अल्बम उचलून सरळ चालू पडायचं.

त्याने तोच प्रश्न विचारला.

मी तोंड उघडणार, तोच द्रौपदा म्हणाली, "हां बाबा. एक ही घर के हैं." म्हाताऱ्याने मान हलवली. अल्बम मिटून, दोन्ही हातांनी, माझ्या नाही, तिच्या हातात दिला.

बाहेर पायरीवर मी तिला झापलं. धंद्यात अशा बोलण्याने नाव जातं. वेगवेगळ्या गावच्या माणसांना एका घरात कोंबलंस, त्यांच्या पोरांनी ऐकलं तर काय म्हणतील? ती पायरीवर बसली. अल्बम मांडीवर उघडला. केळीवाले, गुरुजी, पहिलवान. एकेकाच्या तोंडावरून तिने बोट फिरवलं.

"त्या बठ्ठा मन्हा प्रसेनना डोया शेतस," ती म्हणाली. म्हणजे सगळे आमच्या प्रसेनचे डोळे. मग माझ्याकडे बघून, "तुमले माहीत नही? मले वाटे, तुम्ही समजीसन काढतस."

मी विचारलं, काय समजून? ती म्हणाली, मला वाटलं तुम्हाला आपल्या घरात त्याला बघवत नाही, म्हणून तुम्ही त्याला लोकांच्या घरी ठेवून येता. म्हणून तर मी तुमच्यासोबत प्रत्येक चित्र पोचवायला येत होते. तुम्ही खिळा ठोकायचात, मी समोर बसून घ्यायचे. सगळ्यात चांगला भडगावला आलाय, भिकनभाऊंच्या आईच्या फोटोत. तिथे तो भूक लागल्यावर बघायचा तसा बघतो.

१६ डिसेंबर, संध्याकाळी

उन्हाचा परिणाम. डिसेंबर असला तरी वाळवंट ते वाळवंटच. तिला लिंबूपाणी दिलं. एका बाईने, तेही कलेतलं काही न कळणाऱ्या, असं म्हणावं याला अर्थ नाही. शिवाय आईला सगळीकडे मूल दिसतंच.

तीन गॅलरीवाल्यांचं काय, असा प्रश्न कुणी विचारेल. दोघे राजस्थानी, एक परदेशी. त्यांना खान्देशी चेहरे सगळे सारखेच वाटणार.

१७ डिसेंबर

सकाळी द्रौपदा खाली चहा आणायला गेली तेव्हा अल्बम उघडला. प्रत्येक फोटोवर वर एक हात आणि खाली एक हात ठेवला. मधे फक्त डोळे.

बघितलं.

मग खिशातलं पाकीट काढून तोही फोटो बघितला. दीड वर्षाने.

१८ डिसेंबर

गॅलऱ्या पुष्कळ राहिल्यात. बघायच्या नाहीत. परतीची गाडी आज आहे. स्टेशनवर द्रौपदाने विचारलं, रागावलात का? मी नाही म्हटलं. मला खरं तर तिच्याजवळ बसून रडायचं होतं, पण फलाटावर गर्दी होती. डब्यातही होती.

२४ डिसेंबर, जळगाव

दुकान उघडलं. सातपुड्याच्या पायथ्याहून पुन्या नावाचा माणूस आला. आई गेली, बुधीबाई. मिटल्या डोळ्यांचा फोटो रुमालात बांधून आणला होता. म्हणाला, मायची नजर फार मायेची होती, तेवढी आणून द्या.

मी त्याच्या देखत डोळे मिटले. प्रसेनच आला. उघडले, पुन्हा मिटले. तोच. उंबऱ्यात उभं राहून जेवायला वाढ म्हणत होता.

पुन्याला सांगितलं की चांगले ब्रश संपलेत, नंतर ये. तो यावलहून दुसरी बस पकडून येतो. बिचारा बरं म्हणाला आणि गेला.

२७ डिसेंबर

प्रसेनचं पोर्ट्रेट सुरू केलं. फोटोवर चौकटी पाडल्या. केस झाले, कपाळ झालं, कान झाले. नाक उत्तम. शर्टाची कॉलर तर फारच छान.

डोळ्यांच्या चौकटीपाशी हात थांबला. इतक्या जणांना न बघता काढून दिले. इथे फोटो समोर आहे, डोळे उघडे आहेत, काही सुचायचंही नाही, फक्त उतरवायचे. तीनदा काढले, तीनदा फडक्याने पुसले. जे येतात ते कुणातरी पोराचे डोळे आहेत. चांगले आहेत, पण त्याचे नाहीत.

२९ डिसेंबर

पाचव्यांदा पुसले. द्रौपदा मागे उभी होती. मी म्हटलं, उजेड बरोबर नाही. ती म्हणाली, असू द्या. मग थोड्या वेळाने म्हणाली, मला भडगावला घेऊन चला.

३१ डिसेंबर

भडगावला जाऊन आलो.

भिकनभाऊ घरीच होते. कापूस विकून निवांत बसले होते. पेंटर आलाय म्हटल्यावर त्यांना वाटलं, काही काम असेल. मी म्हटलं, असंच, इकडे आलो होतो, फोटो कसा राहिलाय ते बघावं. त्यांना कौतुक वाटलं. म्हणाले, गिऱ्हाइकाची एवढी आठवण आजकाल कोण ठेवतं.

त्यांची आई भागाबाई दरवाजासमोरच्या भिंतीवर आहेत. डोक्यावरून लुगड्याचा पदर, गालाला सुरकुत्या, तोंडात दात नाहीत म्हणून ओठ आत गेलेले. ते सगळं मीच काढलंय, उत्तम आहे. आणि त्या म्हाताऱ्या तोंडातून आमचा प्रसेन बघत होता. घरात शिरल्या शिरल्या दिसला. द्रौपदाने चपला काढल्या, खाली बसली, आणि बघत राहिली. काही वेळाने तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आवाज नाही. मग माझ्याही. मला आवरलं नाही. जूनपासून, म्हणजे त्या जूनपासून, मी रडलो नव्हतो हे तेव्हा लक्षात आलं.

भिकनभाऊ आधी गोंधळले. मग तेही डोळे पुसायला लागले. त्यांनी द्रौपदाला विचारलं, "माय तुम्हनी कोन लागे, वहिनी? इतलं ते आम्ही पोरे बी रडनूत नही."

द्रौपदाने पदराने तोंड पुसलं. भिकनभाऊंच्या बायकोने चहा आणला. मला खोटं बोलवेना आणि खरं सांगवेना. शेवटी म्हटलं, भिकनभाऊ, या चित्रात माझ्याकडून एक चूक झाली आहे. डोळे तुमच्या आईचे आलेले नाहीत. चित्र मला परत द्या. दुसरं करून देतो, तुम्ही समोर बसून सांगा तसे डोळे काढतो. द्रौपदाने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं मी काय मागतोय ते. तिने कप खाली ठेवला.

भिकनभाऊ उठले. चित्रासमोर जाऊन उभे राहिले. बराच वेळ बघितलं.

"नाक बदला, लुगडाना रंग बदला," ते म्हणाले. "डोयासले हात लावू नका, पेंटरभाऊ. त्या मन्ही मायनाच शेतस. मी शेतमाइन येस तवय माय अशीच देखे."

यावर मी काय म्हणणार? दोन माणसांचे डोळे सारखे नसतात, असं?

चहा संपवला. द्रौपदा उठली, पदर सारखा केला, आणि चित्राकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहिली. भिकनभाऊ आम्हाला दारापर्यंत पोचवायला आले. तिला म्हणाले, "येत जा, वहिनी. मायले बरं वाटी."

द्रौपदाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, येऊ.